जीन गप्प करणारं औषध तयार आहे, अडलंय ते डोळ्याच्या पडद्यापर्यंतच्या वाटेत

सोलापुरातल्या कुठल्याही रेटिना क्लिनिकच्या बाकड्यावर सकाळी दहाला नजर टाका. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून पहिल्या एसटीनं आलेली माणसं, मांडीवर फाईल, डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब. बऱ्याच जणांना जुनी शुगर, पडद्यावर सूज, आणि त्यासाठी महिन्या-दीड महिन्यानं डोळ्यात इंजेक्शन. हल्ली त्यांच्यापैकी एखाद्याचा मुलगा मोबाईल पुढं करून विचारतो, "डॉक्टर, नॅनोकणांनी जीनच बंद करतात म्हणे. मग आईला दर महिन्याला सुई कशाला?"

प्रश्न रास्त आहे. बातमी खोटी नसते, पण ती निम्मीच सांगितलेली असते. जीन गप्प करणारा रेणू प्रयोगशाळेत बनवणं ही आता रोजची गोष्ट झाली आहे. तो डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या नेमक्या पेशीत धडधाकट पोचवणं अजून जमलेलं नाही, आणि नॅनोकणांवरचं सगळं काम त्यासाठीच चाललंय.

आजची सुई नेमकं काय करते

पडद्याला रक्त कमी पडलं, की त्यातल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. हे प्रथिन म्हणजे "इथं नव्या रक्तवाहिन्या फुटू द्या" असा निरोप. मधुमेहात आणि म्हातारपणी पडद्याचा मध्यबिंदू झिजण्याच्या आजारात हा निरोप प्रमाणाबाहेर जातो. नव्या वाहिन्या कच्च्या, गळक्या निघतात. पाणी झिरपतं, रक्त सांडतं आणि अक्षरं वाकडी दिसू लागतात.

रॅनिबिझुमॅब, बेव्हॅसिझुमॅब, अफ्लिबर्सेप्ट ही आजची औषधं बाहेर पडलेलं हे प्रथिन पकडून निकामी करतात. सुन्न करणारे थेंब टाकून डोळा पोव्हिडोन आयोडीननं धुतात, पापण्या चिमट्यानं उघड्या धरतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागं, केसासारख्या बारीक सुईनं 0.05 मिलिलीटर औषध आतल्या जेलीत सोडतात. नळाचा एक थेंब साधारण तेवढाच असतो. पुढच्या आठवड्या-सव्वा आठवड्यात त्यातलं निम्मं औषध डोळ्यातून निघून जातं. पेशी मात्र प्रथिन बनवतच राहतात, म्हणून सुई पुन्हा.

जकार्डची कार्डं आणि कात्री

सोलापुरी चादर विणताना कुणी पाहिली असेल, तर पुढचं समजायला सोपं जाईल. (नसेल पाहिली, तर एखाद्या कारखान्यात अर्धा तास उभं राहून बघा, कान बधिर होतील पण जीवशास्त्र कळेल.) नक्षीचा मूळ कागद ऑफिसच्या कपाटात असतो. त्यावरून भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं बनतात, ती दोऱ्यानं एकमेकांना ओवून माळ करतात आणि ती माळ मागावरच्या जकार्डवर चढते. भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. कार्डं सांगतील तशी चादर निघते. नव्या मागांवर आता कार्डांच्या जागी कॉम्प्युटर आला, पण तत्त्व तेच.

पेशीतही हीच रचना आहे. मूळ कागद म्हणजे डीएनए, तो केंद्रकाच्या कपाटात असतो. कार्डांची माळ म्हणजे संदेशवाहक आरएनए, ती कपाटाबाहेर येते. माग म्हणजे रायबोसोम, आणि चादर म्हणजे प्रथिन.

आजची इंजेक्शनं बाजारात आलेल्या चादरी एकेक करून जप्त करतात. जीन गप्प करणारा उपचार कार्डांची माळच कापतो. एका माळेवर चादरी भरमसाट निघतात, त्यामुळं एक माळ कापली की तेवढ्या चादरी निघतच नाहीत. शिवाय तीच कात्री एक माळ कापून दुसरीकडं वळते, एका वापरात संपत नाही. थोड्या औषधात फार काळ काम भागेल ही आशा इथून येते.

ही कात्री माणसानं शोधून काढलेली नाही, ती पेशीत आधीपासून आहे. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत ती दाखवली आणि 2006 चं नोबेल मिळवलं. आपण फक्त तिला पत्ता देतो. हा पत्ता म्हणजे साधारण 21 अक्षरांचा, दुपदरी, छोटा आरएनए. शास्त्रज्ञ त्याला एसआय-आरएनए म्हणतात, आपण छोटा आरएनए म्हणू. पेशीतलं यंत्र त्याचा एक पदर फेकून देतं, दुसरा हाताशी ठेवतं आणि त्याच्याशी जुळणारी माळ दिसली की मधोमध कापतं.

21 अक्षरं पुरेशी आहेत का?

आरएनएची अक्षरं चार. 21 जागांवर त्यांच्या सुमारे 4.4 लाख कोटी जुळण्या होतात, म्हणजे चुकून दुसऱ्याच माळेशी पूर्ण जुळायची शक्यता नगण्य. पण एक पाचर आहे. अक्षर क्रमांक 2 ते 8, एवढी सातच अक्षरं जुळली तरी कात्री त्या माळेला धरून ठेवते. कापत नाही, पण त्या माळेचं काम मंदावतं. सात अक्षरांच्या जुळण्या 16,384 च. पेशीत हजारो प्रकारच्या माळा फिरत असताना असं अर्धवट जुळणं होणारच. म्हणून आराखडा करताना आधी कॉम्प्युटरवर सगळ्या माळा तपासतात आणि त्या सात अक्षरांत थोडा रासायनिक बदल करतात, म्हणजे अर्धवट पकड सुटते.

आणि नेमकी हवी तीच माळ कापली, तरी परिणाम भलतीकडं उमटू शकतो. पॅटिसिरान हे या जातीचं पहिलं मंजूर औषध, अमेरिकेत ऑगस्ट 2018 मध्ये आलं. ते यकृतातलं ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन बंद करतं. त्याच प्रथिनाच्या मदतीनं रक्तातून अ जीवनसत्त्व वाहिलं जातं. म्हणून ते घेणाऱ्यांना रोज अ जीवनसत्त्व पुरवावं लागतं आणि रात्री दिसायला त्रास होऊ लागला तर नेत्रतज्ज्ञाकडं पाठवावं लागतं. औषध यकृताचं, काळजी डोळ्यांची!

मग हे डोळ्यात आधी कुणी करून पाहिलं नाही?

पाहिलं, आणि ते सगळ्यात आधी डोळ्यातच पाहिलं. बेव्हासिरानिब नावाचा छोटा आरएनए 2004 मध्ये माणसांवरच्या चाचणीत उतरला. लक्ष्य व्हीईजीएफ. कण नाही, वेष्टण नाही, उघडा आरएनए सरळ जेलीत टोचला. सुरुवातीला चित्र बरं वाटलं. 2009 मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी थांबवावी लागली.

दरम्यान 2008 मध्ये जयकृष्ण अंबाटी यांच्या गटानं उंदरांवर दाखवून दिलं, की 21 अक्षरांचा कुठलाही छोटा आरएनए, अगदी निरर्थक अक्षरांचा सुद्धा, डोळ्यातल्या नव्या रक्तवाहिन्या कमी करतो. कारण तो पेशीच्या आत जातच नव्हता. बाहेरच्या पृष्ठभागावर टीएलआर-3 नावाचा विषाणूंवर नजर ठेवणारा पहारेकरी असतो. दुपदरी आरएनए दिसला की त्याला विषाणू आल्याचा भास होतो आणि तो घंटा वाजवतो. जो गुण दिसत होता, तो त्या घंटेचा होता. कात्रीला काम मिळालंच नव्हतं.

आजच्या बातम्यांतला "नॅनो" हा शब्द इथून आला. उघडा आरएनए पेशीत शिरत नाही, कारण त्याच्या अंगावर चाळीसएक ऋण भार असतात आणि पेशीचं आवरण चरबीचं असतं. वर त्याला कुरतडणारी विकरं शरीरात सगळीकडं आहेत. आपल्या बोटांच्या घामातही आहेत, म्हणून प्रयोगशाळेत हातमोज्याशिवाय या बाटलीला कुणी शिवत नाही. त्याला झाकून, लपवून आत नेणारं वाहन हवं. ते वाहन म्हणजे नॅनोकण.

वाटेत काय काय लागतं

यकृत त्या मानानं सोपं. रक्तात सोडलेले चरबीचे नॅनोकण (पुढं त्यांना चरबीकण म्हणू) ते आपणहून ओढून घेतं, आणि यकृतपेशीच्या दाराला जुळणारी साखर आरएनएला जोडली तर कणही लागत नाहीत. आजवरची मंजूर औषधं यकृतासाठीच निघाली याचं कारण हेच. पडद्याचा पत्ता इतका सोपा नाही.

थेंब टाकून भागेल का? थेंब 30 ते 50 मायक्रोलीटरचा, डोळ्यातलं अश्रूंचं पाणी 7 मायक्रोलीटर. उरलेलं गालावर आणि नाकात. पापणी मिटताना बाकीचं काही मिनिटांत धुऊन निघतं. साध्या औषधांतलं सुद्धा पाच टक्क्यांहून कमी डोळ्यात शिरतं, आणि तेही पुढच्या भागात. बुबुळाचे आजार, कोरडा डोळा, काचबिंदू यांच्यासाठी थेंबांचे प्रयोग झाले आहेत. मागच्या पडद्यासाठी थेंबाची बातमी वाचलीत तर आधी प्रयोग कशावर झाला ते पाहा. उंदराचा डोळा तीनेक मिलिमीटरचा, आपला चोवीस. उंदरात थेंब पोचतो ते अंतर आपल्यात आठपट होतं.

शिरेतून दिलं तर मेंदूसारखीच पडद्याच्या रक्तवाहिन्यांनाही घट्ट शिवण असते. कण बाहेर पडत नाहीत, यकृतात जाऊन बसतात.

राहिली जेलीतली सुई. डोळ्यात सुमारे 4 मिलिलीटर जेली असते, जवळजवळ सगळी पाणीच, पण तिच्यात कोलॅजनच्या तंतूंचं जाळं असतं आणि हायल्युरोनिक आम्लाच्या ऋणभारित साखळ्या. जाळ्याची छिद्रं साधारण 500 नॅनोमीटरची. 100 नॅनोमीटरचा कण (केसाच्या जाडीच्या सात-आठशेव्या भागाइतका) त्यातून जायला हरकत नाही. पण त्याच्या अंगावर धन भार असेल तर तो ऋण साखळ्यांना चिकटतो आणि सुईनं सोडला तिथंच अडकून बसतो. आणि गंमत अशी, की ऋणभारित आरएनएला धरून ठेवायला कणात धन भारच लागतो.

जेली पार केली की पडद्याच्या पृष्ठभागावरचा पापुद्रा. त्याची छिद्रं जेलीपेक्षा कितीतरी बारीक. ही अडचण टाळण्यासाठी काही संशोधक शस्त्रक्रिया करून पडद्याच्या खालीच औषध सोडतात, पण ती जागा दर महिन्याला उघडण्यासारखी नाही.

आणि शेवटचा अडथळा, ज्याचा बातमीत उल्लेखच नसतो. पेशी कणाला गिळते तेव्हा तो एका पिशवीत जातो. पिशवी हळूहळू आंबट होते आणि पेशीच्या कचराकुंडीत रिकामी होते. चरबीकणांवर बारकाईनं मोजमाप झालं, तेव्हा गिळलेल्या आरएनएपैकी अवघा 1 ते 2 टक्के पिशवीतून सुटून कामाच्या जागी पोचलेला दिसला. कात्री पुन्हापुन्हा वापरता येते म्हणून एवढ्यावर भागतं. नाहीतर हा धंदा कधीच बुडाला असता.

हळदीच्या डागाची युक्ती

हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, पाण्यानं धुतला की पुन्हा पिवळा. हळद तीच, भोवतालचा आम्ल-अल्कलीपणा बदलला. नव्या चरबीकणांतला मुख्य घटक असाच वागतो, फक्त रंगाऐवजी त्याचा भार बदलतो. आम्लात तो धन असतो, जेलीत आणि रक्तात (सामू म्हणजे पीएच 7.4) जवळपास भाररहित. बदल होतो सामू 6.4 च्या आसपास.

आता हा गुण कुठं कुठं उपयोगी पडतो ते पाहा. बनवताना आरएनए आम्लात, सामू 4 च्या द्रावणात ठेवतात. चरबीचे चार घटक अल्कोहोलमध्ये विरघळवतात. दोन्ही द्रव केसाएवढ्या नळीत झटकन एकत्र सोडतात, साधारण तीन भाग पाणी आणि एक भाग अल्कोहोल. धन चरबी ऋण आरएनएभोवती गुंडाळली जाते. मग अल्कोहोल काढून सामू 7.4 वर आणतात, की कणाच्या अंगावरचा भार जातो. भार नाही म्हणून जेलीत चिकटत नाही. पेशीच्या पिशवीत गेला, पिशवी आंबट झाली, की चरबी पुन्हा धन होते, पिशवीच्या ऋण आवरणाला भिडून ते फाडते आणि आरएनए बाहेर पडतो.

पॅटिसिरानमधलं प्रमाण उघड आहे: शंभर रेणूंत 50 ही भार बदलणारी चरबी, 38.5 कोलेस्टेरॉल, 10 पेशीच्या आवरणासारखी फॉस्फरसयुक्त चरबी आणि 1.5 पीईजी नावाच्या लांब रेणूचं शेपूट असलेली. हे शेपूट कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. ते वाढवलं तर जेलीतून कण सरसर सरकतात, पण पेशी त्यांना गिळायला तयार होत नाही. कमी केलं तर बाटलीतच गुठळ्या. इथं प्रमाणाचा खेळ महिनोनमहिने चालतो.

मिसळण्याचा वेगही तितकाच नाजूक. पिठलं करताना बेसन सावकाश पडलं आणि ढवळणारा हात थांबला की गुठळ्या होतात, तसंच. द्रव रेंगाळत मिसळले तर काही कण 60 नॅनोमीटरचे, काही 300 चे निघतात. मोठे कण जेलीत अडकतात आणि प्रकाश विखुरतात. यकृताला औषध गढूळ असलं तरी चालेल, डोळ्याला नाही. त्याच जेलीतून माणसाला बघायचं असतं.

चरबीशिवाय इतरही वाहनं तपासली जातात. पीएलजीए हे विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचं पॉलिमर. त्याची स्टेरॉइड भरलेली बारीक कांडी डोळ्यात सोडायची पद्धत 2009 पासून रूढ आहे, त्यामुळं डोळा ते सहन करतो हे माहीत आहे. पण आरएनए त्यात कमी मावतो आणि विरघळताना आतून आम्ल तयार होतं. कोळंबीच्या कवचापासूनचं कायटोसान आणि सोन्याचे कणही रांगेत आहेत. सोनं विरघळत नाही, आणि बंद डोळ्यात वर्षानुवर्षं साठणारी गोष्ट मला तरी मंजूर होणं अवघड वाटतं.

"माझे जीन बदलतील का? मुलांना जाईल का?"

नाही. कपाटातला कागद तसाच राहतो, फक्त बाहेर आलेली माळ कापली जाते. छोटा आरएनए झिजला की पेशी पुन्हा नव्या माळा काढते. विभाजन न होणाऱ्या पेशींत हा परिणाम काही आठवडे टिकतो.

याची गल्लत 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या लक्सटर्नाशी होते. ते उलट जातीचं औषध आहे. आरपीई65 हा जीन आई-वडील दोघांकडून बिघडलेला आला असेल तर निरुपद्रवी विषाणूत भरून त्याची चांगली प्रत पडद्याखाली सोडतात. तिथं चांगली माळच नसते, मग कात्री काय कापणार? गप्प करणं उपयोगी पडतं ते प्रथिन जास्त झालं असेल किंवा घातक बनत असेल तेव्हा. ऱ्होडॉप्सिनच्या बिघाडानं होणाऱ्या आनुवंशिक रातांधळेपणाच्या काही घराण्यांत अशीच स्थिती असते. तिथं दीडशेहून जास्त वेगवेगळे बिघाड सापडले आहेत. प्रत्येकासाठी वेगळी कात्री परवडणार नाही, म्हणून चांगल्या-वाईट दोन्ही माळा कापायच्या आणि कात्रीला ओळखू न येणारी नवी माळ द्यायची, अशी दुहेरी योजना आखली जाते.

"जास्त काळ टिकतं म्हणजे चांगलंच की"

इथं मी सावध आहे. व्हीईजीएफ पूर्ण वाईट नाही, पडद्याखालच्या निरोगी केशवाहिन्या त्याच्यावरच जगतात. आजचं इंजेक्शन जास्त झालं तर पुढचं लांबवता येतं. पेशीच्या आत शिरलेली कात्री परत बोलावता येत नाही, ती झिजण्याची वाट पाहावी लागते. त्यात कणांमुळं डोळ्यात सूज येण्याची शक्यता वेगळी. पॅटिसिरान शिरेतून देण्याआधी रुग्णाला स्टेरॉइड आणि ॲलर्जीची औषधं देतात ती कणांच्या प्रतिक्रियेसाठीच. हाताला सूज आली तर उतरते, पडद्यावर आलेली सूज दृष्टीचा तुकडा घेऊन जाऊ शकते.

आणि सुई जाणार नाही. जमलं तर दोन सुयांमधलं अंतर वाढेल. साठवणूकही सोपी नाही: पॅटिसिरान 2 ते 8 अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. मे महिन्यात 42-43 अंश तापलेल्या सोलापुरात ही साखळी तुटायला एक बंद पडलेला फ्रीज पुरतो.

आज काय करायचं

चरबीकणात भरलेला छोटा आरएनए डोळ्याच्या कुठल्याही आजारासाठी आज दुकानात मिळत नाही, सोलापुरात नाही आणि पुण्या-मुंबईतही नाही. "नॅनो" लिहिलेली, मोतीबिंदू-काचबिंदू बरा करणारी ऑनलाइन बाटली आली तर ती डोळ्यात टाकू नका. पुढचं औषध येईल म्हणून चालू इंजेक्शन लांबवणं हा त्याहून महाग पडणारा प्रकार. सूज महिनोनमहिने राहिली तर मध्यबिंदूच्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशीत कुठलीच कात्री चालत नाही. शुगर असेल तर दिसत असलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. त्या दिवशी गाडी चालवायला कुणीतरी सोबत आणा, चार-सहा तास ऊन सोसत नाही आणि जवळचं वाचता येत नाही.

एखाद्या चाचणीत सहभागी व्हायला कुणी विचारलं तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत तिची नोंद आहे का ते पाहा. नोंदणी क्रमांक मागून घ्या. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत आणि चाचणीमुळं इजा झाली तर उपचार व भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. सहीआधी दोन प्रश्न जरूर विचारा. परिणाम नको इतका झाला तर तो उतरायला किती आठवडे लागतील? आणि ज्या गटाला नवं औषध मिळणार नाही, त्यांना आजचं नेहमीचं इंजेक्शन वेळेवर मिळणार आहे की नुसतं पाणी?